पाटी, खो आणि लोण : मैदानी खेळांतील धावेचे डावपेच आणि त्यांची मराठी परिभाषा

खोखोच्या मैदानावर जो पळतो तो बचाव करीत असतो. सॉफ्टबॉलच्या मैदानावर जो पळतो तो चढाई करीत असतो. दोन्हींकडे पाय तेच, चपळाई तीच, हूल देण्याची कलाही तीच. पण एका खेळात धावणे म्हणजे वेळ काढणे आणि दुसऱ्यात धावणे म्हणजे जागा जिंकणे. कोल्हापूर-सांगलीच्या टापूतील एखादी मुलगी शाळेत खोखो खेळून महाविद्यालयात सॉफ्टबॉलकडे वळली, म्हणजे तिच्या शिक्षकापुढे प्रथम उभी राहणारी अडचण शरीराची नसते, अर्थाची असते. 'आक्रमकपणे धाव' ही आज्ञा तिला शब्दशः कळते. परंतु खोखोच्या परिभाषेत तो जवळजवळ वदतोव्याघात होय. तेथे आक्रमण करतो तो पाठलाग करणारा. पळणाऱ्याच्या वाट्याला 'संरक्षण' हा शब्द आलेला आहे, आणि वृत्तपत्रांतील सामन्यांची वर्णनेही हाच भेद पाळतात.

या अडचणीचा उगम मराठी मैदानी खेळांच्या इतिहासात आणि त्या इतिहासाने मागे ठेवलेल्या शब्दांत शोधावा लागतो. तसा तो शोधला असता असे दिसते की, धाव म्हणजे चढाई ही कल्पना मराठी मुलखाला मुळीच परकी नव्हती. ती ज्या खेळात नांदत होती तो खेळ मागे पडला, आणि जो खेळ पुढे आला त्यात ती नव्हती, एवढेच.

प्रथम पुढे आलेल्या खेळाचा विचार करू. खोखोचे लेखी नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली तयार केले. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने आपले नियम केले, आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांस पुष्कळसे सर्वमान्य रूप दिले. या घटनांकडे सामान्यतः संघटनेचा इतिहास म्हणून पाहिले जाते. डावपेचांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे. १९१४ च्या खेळात खांब नव्हते. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना मुरलेले गडी ठेवीत आणि कच्चे गडी मधे बसवीत. अर्थात पळणाऱ्याच्या लेखी टोके ही धोक्याची व मधला भाग त्या मानाने सुखाचा. १९१९ च्या सुमारास क्रीडांगण लंबवर्तुळाकार झाले, मध्यरेषेची लांबी ४४ यार्ड व मधली रुंदी १७ यार्ड अशी ठरली. खांब रोवले गेल्यावर टोकांचा अर्थ पालटला. पाठलाग करणाऱ्याला उठल्यानंतर दिशा बदलता येत नाही, मध्यरेषाही ओलांडता येत नाही. ही दोन्ही बंधने सुटतात ती केवळ खांबापाशी. त्यामुळे पळणाऱ्याचा सारा हिशेब खांबांभोवती फिरू लागला. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, तीनचार बसलेल्या गड्यांभोवती गोल धरून खेळणे, या ज्या पद्धती आज शिकविल्या जातात, त्या अशा स्थिर चौकटीवाचून शिकविता आल्या नसत्या. गावोगावी मापे निराळी असतात तोवर पळणारा आपल्या अंगच्या हुशारीवर पळतो. मापे एक झाली की त्या हुशारीचे पाठ होऊ शकतात.

मापांबरोबर घड्याळही आले, आणि त्याचा परिणाम अधिक खोल झाला. पळती किती मिनिटे टिकला, हे त्याच्या पराक्रमाचे एकक ठरले. येथील क्रियापद ध्यानात घेण्याजोगे आहे : पळती 'टिकतो'. तो कोठे पोचत नाही, काही मिळवीत नाही. तो केवळ बाद होत नाही. अगदी अलीकडे, २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खोखो स्पर्धेत, ठराविक वेळेहून अधिक टिकणाऱ्या तुकडीस गुण देण्याची पद्धत आली. तिला 'ड्रीम रन' असे नाव आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकातही ती होती. त्या स्पर्धेत भारताचे पुरुषांचे व स्त्रियांचे असे दोन्ही संघ विजयी झाले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. या नियमाने पळणाऱ्याला गुणफलकावर प्रथमच आपले असे स्थान मिळाले, हे खरे. तरी गुण मिळतो तो टिकल्याबद्दल, पुढे गेल्याबद्दल नव्हे.

व्यवहारातल्या भाषेवरही याच दृष्टीची छाप आहे. हूल देणे, हुलकावणी देणे, झुकांडी देणे, बगल देणे, चकवा देणे, निसटणे ही सारी क्रियापदे पाठीवर कोणीतरी आहे असे गृहीत धरून चालतात. खोखोनेही भाषेला दोन वाक्प्रचार दिले. 'खो देणे' म्हणजे आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपविणे, आणि 'खो घालणे' म्हणजे चालल्या कामात विघ्न आणणे. दोन्ही पाठलागाच्या बाजूचे आहेत. पळणाऱ्याच्या बाजूने त्या खेळातून भाषेत काही आल्याचे दिसत नाही.

आता मागे पडलेल्या खेळाकडे वळावयाचे. आट्यापाट्यांचा खेळ जुना आहे. तुकारामांच्या गाथ्यात खेळांवर जे अभंग आहेत, त्यांत चेंडूफळी आणि लगोऱ्यांप्रमाणे मृदंगपाट्यांचेही नाव येते. खेळाची रचना थोडक्यात अशी : जमिनीवर एकापुढे एक अशा आडव्या पाट्या आखलेल्या असतात, आणि त्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी असते. प्रत्येक आडव्या पाटीवर एक पाटीवाला उभा असतो. त्याला आपली पाटी सोडता येत नाही. उभ्या पाटीवरून धावण्याची मुभा असलेला गडी म्हणजे सूर. चढाई करणाऱ्या गड्यांनी पाटीवाल्याचा हात अंगाला लागू न देता एकेक पाटी ओलांडीत पलीकडे जावयाचे, आणि तितक्याच पाट्या पुन्हा ओलांडून निघाल्या जागी परत यावयाचे. असा परतलेला गडी 'लोण' घेऊन येतो.

'लोण' या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. संस्कृत 'लवण', प्राकृत 'लोण', म्हणजे मीठ. मराठीत तो 'लोणचे', 'लोणारी', 'लोणार' यांत टिकून आहे. 'अळणी' हा त्याच कुळातला, रूप बरेच झिजलेला. खेळात मीठ कोठून आले याविषयी तर्क करण्याचा मोह अनावर होतो : नाक्यांवरील जकात चुकवून मीठ पार करणाऱ्यांची ही नक्कल असावी, पाटीवाले म्हणजे नाकेदार, आणि सूर म्हणजे नाक्यानाक्यांवरून फिरणारा स्वार. चित्र सुरेख आहे. पण ते शब्दावरून रचलेले आहे, पुराव्यावरून नव्हे, आणि लोकव्युत्पत्तीचे पुष्कळसे नमुने असेच सुरेख असतात. निश्चित सांगता येते ते इतकेच की, या खेळात धावणाऱ्याच्या हाती काहीतरी असते. तो मौल्यवान वस्तू घेऊन घरी येत आहे, असे खेळाची भाषा मानते. 'संपाचे लोण खेड्यापाड्यांत पोचले' असे आज सहज लिहिले जाते. लिहिणाऱ्याला मीठही आठवत नाही आणि पाट्याही आठवत नाहीत. परंतु एका जागेहून निघून एकेक अडसर ओलांडीत पलीकडे पोचणे हा अर्थाचा गाभा शाबूत आहे. हाच शब्द हुतुतूत शिरला, तेथे प्रतिपक्षाचे सगळे गडी बाद करण्याला लोण म्हणू लागले, आणि कबड्डीच्या इंग्रजी नियमावलीत तो 'लोना' या रूपाने जाऊन बसला. १९९० मध्ये बेजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. ज्या खेळाने हा शब्द घडविला तो खेळ मात्र महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या मैदानांवरून तोवर ओसरला होता.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे, जॉर्ज हँकॉक याच्या कल्पनेतून, बेसबॉलची एक बंदिस्त जागेतील आवृत्ती म्हणून झाला. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये सुचविले गेले. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे स्थापन झाली, आणि पुढे शालेय व आंतरविद्यापीठ स्पर्धांमधून तो महाराष्ट्रात रुजला. त्याचा बाह्य तपशील येथे फारसा प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ती धावेची रचना. धावणारी होमपासून निघते, साठ साठ फुटांवरच्या तीन बेसांना क्रमाने स्पर्श करते आणि होमला परत येते, तेव्हा एक धाव होते. तिसऱ्या बेसपर्यंत येऊन अडकून राहिलेल्या खेळाडूची किंमत शून्य. वाटेत बेसवर पाय आहे तोवर ती सुरक्षित. दोन बेसांच्या मधे ती उघडी. हे वर्णन खोखोचे नव्हे, ते आट्यापाट्यांचे आहे. निघाल्या जागी परत येणे म्हणजे कमाई, ही लोणाची कल्पना येथे जशीच्या तशी भेटते.

साम्य केवळ आराखड्यापुरते नाही. आट्यापाट्यांत एका गड्याच्या मागे सूर गुंतला की दुसऱ्याला पाटी मोकळी मिळते. म्हणून कसलेला गडी कित्येकदा मुद्दाम सुराला अंगावर घेतो. सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावणाऱ्या असता जो डाव शिकवितात, त्याचे तत्त्व हेच होय. पहिल्या बेसवरची खेळाडू दुसऱ्याकडे निघते आणि मधेच रेंगाळते. तिला टिपण्यासाठी चेंडू तिकडे गेला की तिसऱ्या बेसवरची होमकडे सुटते. पहिली दोन बेसांच्या मधे कोंडली जाते, कदाचित बादही होते. पण तिला कोंडण्यात प्रतिपक्षाचे जे दोन-तीन क्षण खर्ची पडतात त्यांत धाव पदरात पडलेली असते. खोखोत तीन गडी एकत्र पळतात खरे, आणि दमलेल्या सोबत्याला उसंत देण्यासाठी पाठलाग आपल्याकडे ओढून घेण्याची रीत तेथेही आहे. परंतु तेथे एकाच्या बाद होण्याने दुसऱ्याला काही *मिळते* असे कधी होत नाही.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि शिकविणाऱ्याचे काम तेथेच अवघड होते. आट्यापाट्यांत पाटीवाला पाटीला बांधलेला असतो. त्याचा हात जेथवर पोचतो तेथवर धोका. सॉफ्टबॉलमध्ये धोका माणसाबरोबर नव्हे, चेंडूबरोबर हिंडतो. खोखो खेळलेल्या मुलीची नजर पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावर आणि पावलावर असते. ही तिची वर्षानुवर्षांची कमाई असते, आणि बेसवर ती तितकीशी उपयोगी पडत नाही. तेथे नजर प्रथम पिचरच्या हातावर हवी. सॉफ्टबॉलच्या नियमाप्रमाणे चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत धावणाऱ्याला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये काही पावले आधीच पुढे सरकून उभे राहता येते. येथे ती सवलत नाही. म्हणून साऱ्या धाडसाचे मर्म त्या एका क्षणात आहे. चेंडू सुटणे आणि पाय सुटणे यांत अंतर पडता कामा नये.

यातले गणित सोपे आहे. वेगवान चेंडू पिचरच्या हातून कॅचरपर्यंत येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. कॅचरने तो झेलून, उठून, दुसऱ्या बेसकडे फेकावयाचा. होमपासून दुसरा बेस चौकोनाच्या कर्णावर, म्हणजे सुमारे ८५ फुटांवर असतो. तेथे चेंडू घेणारीने तो खाली आणून धावणाऱ्या खेळाडूला लावावयाचा. चांगली धावणारी साठ फूट तीन सेकंदांच्या आसपास कापते. प्रतिपक्षाच्या या तीन-चार क्रियांपैकी एकीतही किंचित ढिलाई झाली तर बेस मिळतो, सगळ्या बिनचूक झाल्या तर बहुधा मिळत नाही. आक्रमक धावेचे शिक्षण म्हणजे मुलीला अधिक वेगाने पळावयास लावणे नव्हे. कॅचरचा चेंडू हातातून निसटतो का, तिचा फेकीचा हात सैल आहे का, मैदानातली एखादी खेळाडू चेंडू घेऊन मान खाली घालते का, हे आधीच्या डावात पाहून ठेवावयास शिकविणे, हा त्या शिक्षणाचा मोठा भाग आहे. कोल्हापुरात हे समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. कुस्तीतील खडाखडी ही जोर अजमावण्याचीच क्रिया आहे. हातात हात घालून मल्ल एकमेकांचे पाणी जोखतात, आणि प्रेक्षकांना त्या वेळी काहीच घडत नाही असे वाटते.

धाडसाची किंमतही शिकवावी लागते. एका डावात तीन गडी बाद होईपर्यंतच खेळता येते आणि सामना सात डावांचा, म्हणजे संघाजवळ अवघे एकवीस बाद शिल्लक असतात. त्यांतला एक बेसवर उधळला तर तो फलंदाजाच्या हातून गेला. म्हणूनच दोन बाद असता दुसऱ्या बेसवरून तिसरा चोरण्यास धावणे बहुधा शहाणपणाचे ठरत नाही : दुसऱ्या बेसवरूनही चांगल्या टोल्यावर होम गाठता येते, आणि फसले तर डाव संपतो. बेसबॉलमध्ये हा हिशेब फार काळजीपूर्वक मांडला गेला आहे. तेथील अभ्यासकांच्या मते दहांतून साधारण सात वेळा यश येत नसेल तर बेस चोरण्यात तोटाच होतो. तेथील इतिहास असेही दाखवितो की, धाडस हे खेळाडूच्या स्वभावापेक्षा नियमांवर अधिक अवलंबून असते. टाय कॉब याने १९१५ मध्ये ९६ बेस चोरले. पुढे १९२० नंतर उंच टोल्यांचे युग आले आणि ही कला मागे पडली. १९६२ मध्ये मॉरी विल्स याने १०४ व १९८२ मध्ये रिकी हेंडरसन याने १३० बेस चोरून तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख साखळी स्पर्धेत बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ इंच केली आणि धावणाऱ्याला बेसवर डांबून ठेवणाऱ्या फेकींवर मर्यादा घातली; आदल्या वर्षी २,४८६ बेस चोरले गेले होते, त्या वर्षी ३,५०३ गेले. खेळाडू एका वर्षात इतके धीट झाले नव्हते. खोखोत खांबांनी जे केले, तेच येथे तीन इंचांनी व एका निर्बंधाने केले. उलट, आट्यापाट्यांच्या हल्लीच्या स्पर्धांत ओलांडलेल्या प्रत्येक पाटीचा गुण मोजतात. त्यामुळे पुढे जाण्याला किंमत आली, पण परत येण्याची जुनी ओढ कमी झाली, ही गोष्ट लोणाच्या दृष्टीने खेदाची म्हटली पाहिजे.

राहता राहिला परिभाषेचा प्रश्न. 'बेस चोरणे' हे शब्दशः भाषांतर मराठी कानाला खटकत नाही, याचे कारण क्रिकेटच्या मराठीने 'चोरटी धाव' हा प्रयोग आधीच रूढ केलेला आहे. परंतु सारखेपणा फसवा आहे. चोरटी धाव चेंडू टोलविल्यानंतरची असते; बेस चोरला जातो तो चेंडूला बॅट लागण्यापूर्वी किंवा लागली नसताना. क्रिकेटमध्ये चुकीच्या हाकेचे खापर दोघांवर फुटते. येथे चोरी सर्वस्वी धावणारीची. धावणाऱ्याच्या पराभवासाठी मात्र क्रिकेटने मराठीला एक अस्सल शब्द दिला, तो म्हणजे 'धावचीत'. त्रिफळाचीत, यष्टिचीत आणि धावचीत हे तिन्ही शब्द आखाड्यातून आले आहेत. पाठ जमिनीला लागलेला मल्ल तो चीत. पुढे उभ्या उभ्या बाद झालेला फलंदाजही चीत ठरला. परक्या खेळाला आपल्या मातीतला शब्द द्यावा लागला तेव्हा ज्यांनी हे शब्द घडविले त्यांना हुतुतू किंवा खोखो आठवला नाही, कुस्ती आठवली. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघही स्वतःस तालीम मंडळ म्हणवितात : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. परका खेळ आपल्या घरात घेताना त्याला आपल्या घराचे नाव देण्याची ही रीत सॉफ्टबॉलच्या वाट्याला आलेली नाही. मैदानावर बेस, होम, स्टील, स्लाइड हे शब्द जसेच्या तसे चालतात. त्यांना बदलण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. शासकीय कोशांतून घडविलेले प्रतिशब्द मैदानावर किती टिकतात हे सर्वविदित आहे. पण समजावून सांगताना 'होम गाठ' म्हणणे निराळे आणि 'लोण घेऊन ये' म्हणणे निराळे. पहिल्यात एक ठिकाण आहे. दुसऱ्यात हाती काहीतरी घेऊन परतण्याची जबाबदारी आहे.

'प्रशिक्षक' हा शब्दही नवाच. तालमीतला शब्द 'वस्ताद', फारसी 'उस्ताद'चे देशी रूप. कुस्ती चालू असताना वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून पट्ठ्याला डाव सुचवितो. हे त्याचे शिकविण्याचेच काम मानले जाते, लुडबूड मानली जात नाही. क्रिकेटमध्ये शिकविणारा तंबूत बसतो. मैदानावरचा निर्णय खेळणाऱ्याचा. सॉफ्टबॉलमध्ये मात्र नियमानेच पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ चौकट आखून शिकविणाऱ्याला उभे राहण्याची जागा दिली आहे. दुसऱ्या बेसला वळसा घालून धावणाऱ्या खेळाडूच्या पाठीमागे चेंडू असतो; तो कोठवर आला हे तिला दिसत नाही, आणि मागे वळून पाहिले तर पाऊल चुकते. तिने पाहावयाचे ते तिसऱ्या बेसजवळच्या माणसाकडे. त्याने हात उंच धरून थांबविले तर थांबावयाचे, हात गोल फिरविला तर बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देऊन वेग न मोडता होमकडे वळावयाचे. खोखोत पळणारीने कोणाच्याही हाताकडे पाहण्याचा प्रश्न येत नाही. तिचा पाठलाग तिच्या डोळ्यांसमोर असतो. आपल्या पाठीमागचे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावयास ती जेव्हा शिकते, तेव्हा तिसऱ्या बेसपाशी तिचा वेग कमी होईनासा होतो.